उरलेलं आल्यावर

औटीबाईंनी गोष्ट एका दमात कधी पुरी सांगितली नाही. ऐन रंगात आली, की पुस्तकात बोट घालून मिटायच्या आणि म्हणायच्या, "उरलेलं आल्यावर." कोण आल्यावर? तर ऊसतोडीला गेलेली पोरं आल्यावर. ती जायची दिवाळीच्या मागंपुढं आणि यायची गुढीपाडव्याच्या सुमाराला. तोवर सगळ्या वर्गानं, आणि माझ्यासारख्या म्हातारीनंसुद्धा, ताटकळत बसायचं. मला या सवयीचा इतका वैताग यायचा, की कधी कधी मुद्दाम बिनसाखरेचा चहा पुढं ठेवायची. बाई तोही निमूट प्यायच्या. त्यानं आणखी वैताग.

आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. बाईंचं घर भिंगारला. रोजचं येणं-जाणं जमेना, म्हणून आठवडाभर माझ्या पुढच्या खोलीत राहायच्या. मी शाळेत गेले ती पोरांना सोडायला. अक्षरं शिकले ती त्यांच्याच पुस्तकांवरून, भाकरी थापता थापता. पण गोष्टीचा नाद लावला तो औटीबाईंनी. संध्याकाळी ओट्यावर बसून उद्याची गोष्ट मला वाचून दाखवायच्या. कशी वाचायच्या! म्हातारा बोलला की आवाज म्हातारा, शेळी बोलली की शेळी. आणि निम्म्यावर थांबायच्या.

"अहो, मी काय ऊस तोडायला चाललीय? मला तरी सांगा पुढचं!"

"अक्का, तुम्हाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

हे खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

आता हे खूळ आलं कुठून, तेही सांगते. कोयत्यावरून परत आलेली पोरं शाळेत फिरकायचीच नाहीत. आई-बाप म्हणायचे, वर्ष सरत आलं, आता जूनलाच बघू. त्यांचा तो जून काही उगवायचा नाही. बाई त्यांच्या वस्तीवर जाऊन घसा कोरडा करून यायच्या. मग त्यांनी ही युक्ती काढली. जायच्या आठवड्यात गोष्ट सुरू करायची आणि तोडायची. पहिल्याच साली पूजा नावाची पोरगी ट्रॅक्टरमधून उतरली ती थेट शाळेच्या दारात. केसांत उसाच्या पाचटाचा कचरा, पायात चप्पल नाही. "बाई, सांगा," म्हणाली. तिची आई मागून ओरडत आली, "अगं सटवे, भांडी कोन उतरवील?"

असं दोन-तीन सालं चाललं. मग वरून तो नवा वाचनाचा कार्यक्रम आला. सक्तीचा. सगळ्या शाळांनी एकाच आठवड्यात एकच गोष्ट शिकवायची. सोमवारी सुरू, शुक्रवारी संपली पाहिजे, शनिवारी पोरांना प्रश्न विचारून उत्तरं मोबाईलवर भरायची. पुस्तकांची पेटी आली, भिंतीवर टीव्ही आला. तालुक्याच्या बैठकीत म्हणे मास्तरांचे दोन तट पडले. आमच्या शाळेत मास्तरच दोन, त्यामुळं दोन तट पाडायला काही अडचण आली नाही. एका बाजूला औटीबाई, दुसऱ्या बाजूला हेडसर खोडदे. आणि भांडायची जागा माझा ओटा.

पोरं ऊसतोडीला जायच्या आठवड्याची गोष्ट होती कुंभाराच्या गाढवाची. गाढव रोज तिन्हीसांजेला कुठंतरी जातं आणि कान ओले करून परत येतं. एक दिवस कुंभाराची पोरगी त्याच्या मागं निघते. नदीपर्यंत जाते, काठावरच्या झुडपाआडून बघते, तर... तर काय, बाईंनी पुस्तक मिटलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. पूजा आणि वस्तीवरची बाकीची पोरं ट्रॅक्टरवर बसून गेली. मोबाईलवर आमच्या शाळेपुढं लाल खूण पडली.

"बाई, गेली त्यांच्यापायी राहिलेल्यांनी सहा महिने वाट बघायची? त्यांचा काय गुन्हा?" हेडसर म्हणाले.

"वाट बघू द्या ना सर. आपण कुणासाठी तरी थांबलोय, एवढं कळू द्या त्यांना."

"लाल खुणा पडत गेल्या तर शाळाच बंद करतील. आधीच पट किती कमी! मग तुमची पूजा येऊन काय भिंतीला विचारणार?"

खरं सांगते, मला सरांचं पटलं. म्हटलं, "बाई, एवढा हट्ट बरा न्हाई. सांगून टाका ना. पोरं आल्यावर परत सांगा."

"अक्का, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ऐकायला कोण धावत येतं?" असं म्हणून बाई कप विसळायला आत गेल्या. यांच्याशी बोलणं म्हणजे डोकं उठवून घेणं.

शेवटी सरांनी सोमवारी टीव्हीवर गोष्ट लावली. मी शाळेच्या समितीवर, म्हणून मलाही बोलावलं होतं. मी चष्मा पुसून पुढंच बसले, आज तरी कळेल म्हणून. गाढव नदीपाशी आलं, आणि सगळ्या पोरांनी कानात बोटं घातली. डोळे गच्च मिटले. एक तर मोठ्यानं पाढे म्हणायला लागली. सर ओरडले, "अरे, उघडा डोळे!" त्या कालव्यात मलाही काही ऐकू आलं नाही, आणि पोरं उठून पुढं उभी राहिली ती दिसूही देईनात. सरांनी टीव्ही बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. बाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचं बरं.

संक्रांतीनंतर बाईंना पारनेरकडच्या एका शाळेवर पाठवलं. तात्पुरती सोय, असं कागदावर. ते थांबवायला सरांनी दोनदा तालुक्याला जाऊन बघितलं, उपयोग झाला नाही. मी स्टँडवर सोडायला गेले. रडू येत होतं आणि रागही. म्हटलं, "आता तरी सांगा हो. मी आज हाय, उद्या न्हाई."

बाई एसटीच्या खिडकीतून म्हणाल्या, "उरलेलं आल्यावर, अक्का." गाडी गेली. बघा, माणूस जाताना तरी!

पुस्तक शाळेच्या कपाटातच होतं. मला वाचता येतं. एकदा झाडलोट करताना हातातही घेतलं होतं. तसंच परत ठेवलं. का ठेवलं, मला विचारू नका.

पाडवा झाला. पूजा आली. उंच झाली होती, हातांना घट्टे. तिचा बाप म्हणत होता, आता कशाला शाळा, पुढच्या साली हिच्या हातात कोयता देऊ. पण पोरगी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारात. मी तिथंच होते.

"बाई कुठं हायेत?"

पोरांनी सरांकडं बघितलं. टीव्हीचं बटण सरांच्या हाताशीच होतं. सरांनी कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि बाई बसायच्या तसे सतरंजीवर मांडी घालून बसले. पहिल्यापासून वाचायला लागले. आवाज अगदीच कोरडा, गाढवही हेडमास्तरासारखंच चालत होतं. पण पोरं हलली नाहीत. पोरगी नदीवर आली, झुडपाआडून बघायला लागली. सर थांबले.

"पूजा, वस्तीवरचं अजून कोण यायचं राहिलंय?"

"सोन्या आन् राधी, सर. त्यांची टोळी कारखान्यानं ठिवून घेतलीय."

सरांनी पुस्तकात बोट घातलं आणि मिटलं.

"सर!" मी ओरडलेच.

"उरलेलं आल्यावर, अक्का."

घरी येऊन पहिल्यांदा बाईंना फोन लावला. म्हटलं, "तुमचं खूळ आता हेडसरांना लागलंय. लाल खूण पडणार परत. शोभतं का हे तुमाला?"

बाईंनी ते कानाआड केलं. मग हळूच म्हणाल्या, "पूजा आली?"

"आली."

"उद्या येईल?"

"न येऊन सांगती कुनाला? बापाला म्हनाली, गाढवाचं कळल्याबगर मी कुटंच जात न्हाई."

"बरं झालं, अक्का." बाईंचा आवाज ओला झाला होता. हीच वेळ म्हणून मी विचारलं, "बाई, गाढव जातं तरी कुठं?"

त्यांनी फोन ठेवला.