आईला उतरवायची दहा मिनिटं

गाडी लावणं वेगळं आणि गाडी थांबवणं वेगळं. भाईंदर पश्चिमेच्या त्या रस्त्यावर पार्किंगच्या पावत्या देणाऱ्या माणसाला मी हे महिनाभर समजावत होते. गाडी लावणारा माणूस ती सोडून आपल्या कामाला निघून जातो. मी कुठे जात होते? मी दार धरून उभी होते आणि माझी आई उतरत होती.

आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून ती समुद्रकाठचं आपलं चौक गाव सोडून माझ्याकडे राहायला आली होती. आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यायचं. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, चालणं परत यायचं तर ते याच काही महिन्यांत येईल, एकही दिवस बुडवू नका. दवाखान्यासमोर पे अँड पार्कचा फलक. चढण्या-उतरण्यासाठी पहिली दहा मिनिटं मोफत. ती ठरवणाऱ्याची आई बहुधा गाडीतून उडी मारून उतरत असावी.

आमचं उतरणं असं. आधी उजवा पाय बाहेर, मग डावा, तोही उजव्या हाताने उचलून. मग काठी, मग दाराला धरून उभं राहणं आणि दम खाणं. पुढे फुटपाथची पायरी आणि तिथून दवाखान्याच्या दारापर्यंत वीसेक पावलं. तिला आत सोडलं की मी गाडी लगेच हलवणार. आम्ही जेमतेम पायरीशी पोचायचो आणि मागून शिट्टी वाजायची.

"मॅडम, टाइम झाला. पावती काढू?"

"कसली पावती? गाडी लावलीय कुठे, थांबलीय फक्त."

"पावतीच्या मशीनला ते नाही कळत, मॅडम."

"तुम्हाला कळतं ना?"

तो हसायचा आणि मी आणखी भडकायचे. ही बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन याच भाईंदरच्या बाजारात चालायची, तेव्हा तिला गाठायला मला धावावं लागायचं. आता तिला शिट्टी मारून हाकलणार? मी पावती घेणारच नव्हते. मग मी ठरवलं, याला दहा मिनिटांच्या आत उतरूनच दाखवायचं.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावायला लागले. "आई, लवकर. डावा पाय घे. लवकर." एकदा आम्ही साडेनऊ मिनिटांत दार गाठलं आणि मी निवडणूक जिंकल्यासारखं त्या माणसाकडे बघितलं. आईकडे बघायचं राहून गेलं. तिचा पदर घसरला होता, तो सावरायलाही मी तिला वेळ दिला नव्हता.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मना न्हाय जायाचं आता."

"का?"

"मागं त्याची शिट्टी, पुढं तुजा मोबाइल. मी काय सामान हाय?"

पुढचे दोन आठवडे ती घरातून हलली नाही. विनवण्या केल्या, रागावले, काही उपयोग झाला नाही. दिवस वाया जात होते आणि ते मी घालवले होते. त्याची शिट्टी निदान दहा मिनिटांनी वाजायची. मी तर पहिल्या सेकंदापासून तिच्या मागे लागले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मग मी एकटीच त्या माणसाला गाठलं. म्हटलं, "आम्ही आलो की लगेच पावती द्या, मी पैसे देते. पण आई दारात पोचेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही. आणि तुमचा नियम अजून चुकीचाच आहे. मी अर्ज करणार आहे."

"करा, मॅडम," तो म्हणाला. "माझी पण आई आहे गावाला."

"आई, यापुढे तुला कोणी घाई करणार नाही, मीसुद्धा नाही," असं कबूल केलं तेव्हा कुठे ती यायला तयार झाली. गाडी थांबली, पावती निघाली, मोबाइल पर्समध्ये गेला. आई पायरीपाशी थांबली, तिथेच उभ्या असलेल्या कोळणीला बोंबलांचा भाव विचारला आणि तो ऐकून तोंड वाकडं केलं. आमच्यामागे एकाने हॉर्न लावून धरला. मी त्याच्याकडे वळणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. "वाजवू दे त्याला," म्हणाली, आणि मग पायरी चढली.

दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तिने विचारलं, "किती मिंटा झाली?"

"मोजली नाहीत."

"मोजायची व्हती," ती म्हणाली. "परवा याच्यापेक्षा जास्ती लावीन."