झमकूबाईंच्या गुडघ्यांसाठी तीन खुर्च्या

बायकोवर जीव असलेला इंदरचंद कापडवाल्यांसारखा माणूस नारायणगावच्या पेठेत दुसरा नव्हता. हे त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि धोतरजोडी मोजून देता देता ते गिऱ्हाइकालाही सांगत असत. गिऱ्हाईक मान डोलवायचं. उधारीवर कापड नेणाऱ्याला मान डोलवण्यावाचून दुसरं काय सुचणार?

झमकूबाईंचे गुडघे मात्र धरले होते. खाली बसल्या की उठवायला दोन बायका लागत, म्हणून त्या हळूहळू बसेनाशाच झाल्या. ओट्याशी उभ्या, चुलीशी वाकून उभ्या, जपाची माळ हातात घेतली तरी भिंतीला टेकून उभ्या. रात्री पाठ टेकायची तेवढाच काय तो आराम. घरात एक जुनी खुर्ची होती, पण ती खाली दुकानात असायची. कधी मामलेदार आले तर म्हणून.

शेवटी इंदरचंदांनी त्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि दोन गोष्टी सांगितल्या. बाईंना जमिनीवर बसू देऊ नका, आणि जरा मोकळ्या हवेत नेत जा. परतीच्या एस.टी.त झमकूबाई म्हणाल्या, "लई दिस झालं, भाईर कुटं बसलेच न्हाई मी. झाडाखाली, बांधावर, कुटंबी. निस्तं बसायचंय." एवढंच मागणं होतं. पण इंदरचंदांच्या हाती मागणं लागलं की त्याचा बेत व्हायचा.

त्या वर्षी, म्हणजे पंचावन्न साली, खडकीला लष्कराच्या मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव होता. इंदरचंद गेले होते खाकी कापडाचे तागे बघायला, आणि परतले ते जखमी सोजिरांना वाहून नेणारी एक बुटकी मोटार घेऊन. दोन्ही बाजूंवरचा तांबडा क्रूस त्यांनी हिरव्या रंगाखाली बुजवला, तरी उन्हात तो वर यायचाच. पोरं तिला मुडद्याची गाडी म्हणत. आत एका कडेला लांबलचक, गादीचा बाक होता. झमकूबाई कठडा धरून चढल्या आणि त्या बाकावर बसल्या. पाय तळाला टेकले, गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. "ब्येस हाय की," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

दुसऱ्या कुणाच्या घरी गोष्ट इथंच संपली असती. मागचं दार उघडायचं, गाडी झाडाखाली लावायची आणि बाईला बाकावर बसू द्यायचं. पण खडकीला इंदरचंदांनी एक साहेबाचं कुटुंब पाहिलं होतं. मोटारीशेजारी हिरवळीवर घडीच्या खुर्च्या मांडून ती मंडळी चहा पीत होती. ते चित्र त्यांच्या डोक्यातून जाईना. मोटार आपल्याकडेही आहे, मग खुर्च्या का नसाव्यात? "झमकूच्या गुडघ्यांसाठी," असं त्यांनी पेठेत जाहीर केलं आणि कामाला लागले.

पहिली खुर्ची पुण्याहून आली. हलकी, कॅनव्हासची, मिटली की काखेत मावणारी. इंदरचंदांनी ती दुकानापुढे मांडली आणि बसून पाहायला पुढे झाले. आता हे सांगायला हवं की मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस गादीवर मांडी घालून बसत आला होता. बसणं म्हणजे मांडी घालणं. पाय खाली सोडून लोक एस.टी.ची वाट बघतात, बसत नाहीत, असा त्यांचा समज होता. तेव्हा त्यांनी एक पाय वर घेतला, दुसरा वर घेतला, गुडघे दोन्हीकडे फाकवले आणि अंग सोडलं. खुर्ची घडीची होती. तिनं घडी घातली, शेटजींसकट. गुमास्त्यांनी त्यांना सोडवलं तेव्हा धोतराचा सोगा कॅनव्हासमध्ये अडकला होता.

"कापड निकस हाय," इंदरचंद धूळ झटकत म्हणाले.

मग त्यांनी ती खुर्ची जुन्नरला पीरमहंमदकडे नेली. पीरमहंमद टांग्यांची छतं आणि बैठका करायचा. त्यानं खुर्ची उलटसुलट करून पाहिली.

"शेट, हिच्यात पाय खाली सोडून बसायचं अस्तंय."

"पाय खाली सोडून? आरामाला घेतोय का शिक्षेला? म्हातारी मानसं बसनार हैत हिच्यावर."

पीरमहंमदनं वाद घातला नाही. काम मिळत होतं, मोडता कशाला घाला? त्यानं आपल्याजवळचं एकच माप काढलं, ते टांग्याच्या बैठकीचं. इंदरचंदांनी आणखी अटी घातल्या. चामड्याचा पट्टा नको, जिवाची हत्या होते. घोड्याच्या केसांचं भरण नको, त्यातही जीवच. मग पट्ट्याजागी नवार आली आणि भरणाला कापूस आला. तयार झालेली खुर्ची धष्टपुष्ट होती. मांडी घालून वर शेजारी पानाचा डबा ठेवता येत होता. घडीही व्हायची, नाही असं नाही. पण घडी घातल्यावर ती दरवाज्याच्या फळीएवढी व्हायची, आणि उचलायला गडी लागायचा. इंदरचंद इतके खूश झाले की त्यांनी तशा एकूण तीन करायला सांगितल्या. एक स्वतःला, एक थोरल्या भावाला, आणि एक झमकूला.

खुर्च्या आल्या तेव्हा पेठेत त्यांची जत्रा भरली. पोस्टमास्तर बसून गेले. अडत्या बसून गेला. कचेरीतला कारकून तर दोनदा बसला. सगळे मांडी घालून बसले, सगळ्यांनी "झ्याक" म्हटलं. प्रत्येकाला वरून चहा येत होता. झमकूबाई तो चुलीशी उभ्यानं करत होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून गड्याच्या हाती देत होत्या.

अडचण एकच झाली. तीन खुर्च्या गाडीत मावेनात. उभ्या घाला, आडव्या घाला, दार लागेना. इंदरचंदांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि त्यांना उपाय सापडला. दुपारी करवतीचा आवाज ऐकून झमकूबाई खिडकीशी आल्या.

"बाक का वो कापताय?"

"तुज्याच खुर्च्यांना जागा करतोय," इंदरचंद खालून म्हणाले. बायकोसाठी आपण किती खपतो या विचारानं त्यांना गहिवरून आलं होतं. झमकूबाई आत गेल्या. बाकाची लाकडं बंबाला लागली.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी सहल निघाली. इंदरचंदांनी कळंबहून थोरल्या भावाला, बन्सीलालजींना, मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वडील माणसाला टाकून एकट्यानं हवा खायची ही त्यांच्या घराची रीत नव्हती. रीत आणखीही एक होती. जेठ, म्हणजे थोरला दीर, समोर असला की धाकट्या भावाच्या बायकोनं पदर गळ्याखाली ओढायचा, बोलायचं नाही, आणि त्याच्या बरोबरीनं आसनावर बसायचं तर मुळीच नाही. इंदरचंदांना ही रीत मांजरपाटाच्या पन्ह्याइतकी पाठ होती. तरी तीन खुर्च्या करताना आणि भावाला निरोप धाडताना ती त्यांच्या ध्यानात आली नाही. येणार कशी? त्या रितीत अवघडून उभं राहायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

पुढे ड्रायव्हर चांदशेजारी दोघे भाऊ बसले. मागे घडी घातलेल्या तीन खुर्च्यांची चळत होती, आणि चळतीच्या वर, टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून, झमकूबाई बसल्या होत्या. कुकडीच्या पुलाअलीकडे चांदनं गाडी आंब्याखाली घेतली. खुर्च्या उतरल्या तशा त्याही उतरल्या.

नदीकाठी खुर्च्या मांडल्या गेल्या. बन्सीलालजींनी मांडी घातली. इंदरचंदांनी मांडी घातली. तिसरी खुर्ची मोकळी राहिली.

"बस की," इंदरचंद बायकोला म्हणाले, आणि म्हणताच त्यांना कळलं. बन्सीलालजी खाकरले. झमकूबाईंनी पदर आणखी खाली ओढला. इंदरचंदांच्या मनात आलं की भावाला म्हणावं, दादा, हिचे गुडघे दुखतात, जरा तोंड फिरवून बसा. पण ते म्हणाले, "राहू द्या, ती बसंल कुटंतरी."

बन्सीलालजींनी डोक्यावरची पगडी काढली. ती गवतावर ठेवायला ते वाकले, पण गवतात मुंग्या होत्या. पगडीखाली एखादी चिरडली तर पाप कुणाच्या माथी? त्यांनी पगडी तिसऱ्या खुर्चीवर ठेवली. मुंग्यांची अशी छान सोय लागली. झमकूबाईंनी दोघांना उभ्यानंच शेव-पुरी वाढली, लोट्यानं पाणी दिलं आणि त्या गाडीकडे परतल्या. गाडीत आता नुसता पत्रा होता.

भाऊ खुर्च्यांविषयी बोलत राहिले. नवार कशी दबते, कापूस कसा भरलाय. बोलता बोलता बन्सीलालजींना डुलकी लागली. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चांद सावलीत घेत असेल असं समजून इंदरचंदांनी मागे न बघता, "घे, आनखी घे," असा हातही केला. गाडीनं आणखी घेतलं. ती पूल ओलांडून पलीकडे दिसेनाशी झाली.

चांदनं पुढे हे पेठेत किती वेळा सांगितलं असेल त्याला सुमार नाही. बाई आल्या, त्या पत्र्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चांद, पिंपळवंडीला घे. गोजरबाईच्या मळ्यात." पिंपळवंडी त्यांचं माहेर, आणि गोजरबाई लहानपणची मैत्रीण. चांदनं विचारलं, "आन शेट?"

"शेटला खुर्ची हाय," झमकूबाई म्हणाल्या.

गाडी येईल, येईल म्हणत भाऊ बसून राहिले. मग सूर्य कलायला लागला आणि बन्सीलालजींनी जेवणाचा डबा कुठं आहे ते विचारलं. डबा गाडीत होता. दिवस मावळल्यावर दोघेही अन्नाला शिवत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. मोकळ्या हवेनं भूक तर कडकडून लागलेली. पुलापलीकडून आलेल्या एका गुराख्यानं गाडी पिंपळवंडीकडे गेल्याचं सांगितलं. निघावं तर खुर्च्यांचं काय? टाकून जाण्याची छाती दोघांचीही नव्हती. शेवटी एकेक डोक्यावर घेतली, तिसरी दोघांच्या मध्ये धरली आणि नाशिक रस्त्यानं दोन प्रतिष्ठित व्यापारी चालू लागले. पगडी काखेत होती.

"काय शेट, कुटं लगीन हाय?" बैलगाडीवाल्यानं विचारलं. "बसा की मागं." पण खुर्च्या गाडीत मावल्या नाहीत. बन्सीलालजी सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले, ते असं की खुर्ची करताना वजनाचा विचार करायला हवा होता.

मळ्यात पोचले तेव्हा सूर्य बुडून चुकला होता. गोजरबाईच्या विहिरीवर मोट चालू होती. मोटेचं पाणी जिथं ओततं त्या थारोळ्याच्या दगडी काठावर झमकूबाई बसल्या होत्या. काठ चांगला उंच होता. पाय पाण्यात, डोक्यावरचा पदर खांद्यावर, शेजारी रिकामा डबा. दोघी मैत्रिणी कशावर तरी पोट धरून हसत होत्या.

जेठ दिसले तसा झमकूबाईंनी पदर झरकन गळ्याखाली ओढला. रितीप्रमाणे आता त्यांनी उठायचं, बाजूला व्हायचं, तोपर्यंत बन्सीलालजींनी थांबायचं. बन्सीलालजी थांबले. मोट आली, ओतली, परत गेली. झमकूबाई उठल्या नाहीत. दुसरी मोट ओतली तेव्हा बन्सीलालजींनी खुर्ची खाली ठेवली आणि ते लांब जाऊन बैलांचं कौतुक करायला लागले.

"बसा पावणं," गोजरबाई इंदरचंदांना म्हणाली. "तुमी तर खुर्च्या संगंच आनल्यात."

इंदरचंदांनी डोक्यावरची खुर्ची उतरवली, घाईनं उघडली आणि थारोळ्याला लावून ठेवली. ते हलकेच म्हणाले, "हिच्यावर बस. दगुड गार लागंल. तुज्यासाठीच केलीया."

झमकूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. पदराआडून, बैलांपर्यंत ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या बोलल्या, "हिच्यावर पोस्टमास्तर बसलं, अडत्या बसला. पगडीबी बसली. मला एकदा तरी बसवून बगितलंत का वो, मला कशी व्हती ते?"

इंदरचंदांना लाज वाटली. बायकोची नव्हे, स्वतःची, आणि ती त्यांना नवीन असल्यानं ती लाज आहे हे ओळखायलाच त्यांना थोडा वेळ लागला.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता बसलीया मी. बसू द्या."

शेजारी तीन खुर्च्या होत्या, पण इंदरचंदांना बसवेना. बैल सुटले, पाणी वाहायचं थांबलं, गोजरबाई दिवा लावायला घरात गेली. झमकूबाई काठावर बसून राहिल्या, आणि त्या उठेपर्यंत इंदरचंद त्यांच्याजवळ उभे होते.