विरजण कुठलं, भांडं कुठलं

माझं अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी लाज वाटते.

मुलगी घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करू लागली तेव्हा मला सगळ्याचाच संशय होता. तिच्या लॅपटॉपसाठी मी मोहन नगरच्या नणंदेकडून उसने पैसे आणले होते, पोळ्याला परत करते म्हणून. आणि ही रोज एकाच ओळीकडे बघत बसलेली.

"एवढ्याचे कोणी पैसे देते का? तुले फसवून तर नाही राहिले?"

"मले कोणी नाही फसवत, आई. कंपायलरलेच संशय येऊन राहिला. तुझ्यावरच गेला तो!"

कंपायलर म्हणजे हिने लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा. जमलं तर तो आठ-आठ हिशेब आपणहून एकदम उरकतो म्हणे. इथे मात्र एकेक करत होता.

"कावून?"

तिने ओट्यावरच्या माझ्या दह्याच्या भांड्यांकडे बोट दाखवलं. मी एका मेसला दही लावून देते.

"तुझं विरजण वेगळ्या वाटीत असते, म्हणून तू साऱ्या भांड्यांले एकदम लावते. पण पहिल्या भांड्यातलं दही दुसऱ्याले, दुसऱ्यातलं तिसऱ्याले लावायचं असलं तर?"

"मग थांबा लागते. पहिलं लागलंच नाही तर दुसऱ्यात काय टाकू, दूध?"

"तसंच. मी त्याले दोन पत्ते देते. कुठून घ्यायचं अन् कुठं ठेवायचं. दोन्ही पत्ते एकाच जागेचे तर नाहीत, हे त्याले कळत नाही. म्हणून तो एकेकच करते."

मला तो शहाणा वाटला. पण हिच्या साहेबाला घाई होती. फोनवर म्हणाला, "लिख दो ना, दोनों अलग हैं।" हिने तशी हमी लिहून दिली. काम भराभर पळू लागलं.

मग तक्रार आली. लोखंडी पत्र्यांचे फोटो साफ करायचं ते काम होतं आणि फोटोंवर भलतेच पट्टे उमटत होते. साहेबाने पैसे अडवले. मला वाटलं, हा बुडवायचाच बहाणा. पोळा आला तसा गेला. नणंदेचा फोन वाजला की मी मोरीत जाऊन बसायची.

शेवटी मुलीला सापडलं. जागा वाचवायला एके ठिकाणी तयार झालेलं त्याच रांगेत एक घर पुढे ठेवलं जात होतं. म्हणजे विरजण शेजारच्याच भांड्यातलं.

"आता हमी काढून टाकली. आधी पत्ते पाहायचे. वेगळे असले तर आठ-आठ, नाही तर एकेक."

"अन् पाहाले वेळ नाही जात?"

"किती जाईल? दारातल्या चपला पाहून घरात कोण आलं ते ओळखते ना तू, तेवढाच."

पट्टे गेले. साहेबाचे पैसे आले. तरी बँकेतून हातात येईस्तोवर माझा विश्वास नव्हता. दुसऱ्याच दिवशी मोहन नगर गाठलं. नणंदेने गड्डी तशीच उशीखाली सरकवली.

"राहू द्या वहिनी, विश्वास आहे माझा."

"विश्वास असू द्या ताई, पण मोजा."

"देणारीच संशय घेऊन राहिली! माझा भाऊ म्हणते ते खोटं नाही, तुम्ही प्रसादाचे फुटाणेही मोजता."

मी मान खाली घातली, पण उठले नाही. तिने बोट ओलं करून सगळ्या नोटा मोजल्या. पैसे पुरे होते.