लगद्याचं घर

मी काही ट्रेनिंग घेतलेली शिक्षिका नव्हे. मॅट्रिक झाले, लग्न झालं, नागपूर सुटलं आणि भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळाला. शेजारच्या मुलांचा अभ्यास घेता घेता त्यांच्याच पुस्तकांतून मी विज्ञान शिकले. मुलं व्हरांड्यात चटई टाकून बसायची. कुणी काकू म्हणायचं, कुणी आंटी.

एका वर्षी आठवीतल्या चौघांना शाळेनं प्रदर्शनासाठी मिळून एक मॉडेल करायला सांगितलं. तलावाचं पाणी आपल्या नळाला कसं येतं, हा विषय. आता मिळून करा म्हटलं की काय होतं, ते तुम्हालाही ठाऊक असेल. एक जण राबतो, एक जण हुकूम सोडतो, उरलेले डिंकाची बाटली धरून उभे. म्हणून मी कामं वाटून दिली. पण नुसती वाटून भागत नाही हो. आमचे हे पाळी संपली की लगेच घरी येत नसत. पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज द्यायचे, म्हणजे काय झालं, काय राहिलं, कशाला हात लावायचा नाही, ते सगळं सांगून मगच निघायचे. मी मुलांनाही तीच सवय लावली. घरी जाताना प्रत्येकानं दुसऱ्याला चार्ज द्यायचा. मुलांना त्याची भारी गंमत वाटायची. "सरकारी बाबू, चार्ज लीजिए," म्हणत एकमेकांना सलाम ठोकायचे.

तलावाभोवतीच्या टेकड्या एका मुलीकडे होत्या. अमरावतीकडची, कमी बोलणारी. तिची आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची, तशाच लगद्यानं ही टेकड्या करणार होती. वडिलांची वाचून झालेली वर्तमानपत्रं आणून तिनं माझ्याकडे घमेल्यात भिजत घातली आणि चार्ज दिला, "काकू, पाणी बदलत राहा, नाहीतर वास येतो."

आणि त्याच आठवड्यात तिचे वडील गेले. ड्यूटीवरून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. कुणाला काही सांगायलासुद्धा सवड मिळाली नाही त्या माणसाला.

पोर घरात बसून राहिली. मी रोज सकाळी घमेल्यातलं पाणी बदलत होते. दुसरं काय करणार? मुलांना एवढंच म्हटलं, तिचं काम तिच्यासाठी राहू द्या. पण मुलंच ती. त्यांना वाटलं, बिचारीच्या डोक्याला आता हा ताप नको. मग जो आमचा हुकूम सोडणारा होता ना, त्याच्या घरी बसून तिघांनी प्लास्टरच्या टेकड्या केल्या, हिरव्या रंगवल्या आणि मॉडेलची फळी उचलून माझ्या व्हरांड्यात आणून ठेवली.

तेरावा झाल्यावर ती आली. केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे.

"अच्छे बने ना?" तिला बघताच त्या हुकूम सोडणाऱ्या मुलानं विचारलं.

"हो. छान झाल्यात," ती म्हणाली आणि चटईच्या कडेला बसली. हात मांडीखाली धरून. तिच्यासाठी काही कामच उरलं नव्हतं. घरीही सगळं मोठी माणसं ठरवत होती. क्वार्टर आणखी काही महिने ठेवता आला असता, पण मामा घ्यायला आले होते. जायचं नक्की झालं होतं. प्रदर्शनाच्या आधीच.

मी चहाला आत गेले, तर बाहेर तिचा हुंदका ऐकू आला, आणि मुलगा मागोमाग.

"आंटी, वो रो क्यों रही है? हमने तो उसी के लिए किया."

"माहीत आहे रे."

"तोड़ दूँ पहाड़?"

"मला काय विचारतोस? तिला विचार. आधीही तिलाच विचारायचं होतं."

तो तसाच बाहेर गेला. "सुन, मैं तोड़ देता हूँ. तू अपने बना ले."

"वेडा आहेस का? मेहनत केलीय तुम्ही." तिनं नाक पुसलं. मग त्या फळीकडे वळली. टाउनशिप दाखवायला मुलांनी काडेपेट्यांची रांग लावली होती. "मला एक क्वार्टर करू द्या. आमचा."

चौघांतली दुसरी मुलगी म्हणाली, "काडेपेट्यांच्या लायनीत लगद्याचा मोटू दिसेल ग."

"दिसू दे!" आणि ती हसली. एवढंसंच.

माझ्या पाट्यावर तिनं लगदा वाटला, चिकटपणाला मेथीची पूड घातली, भिंती बोटांनी दाबून दाबून उभ्या केल्या. दार, दाराशी पेरूचं झाड. पण लगदा काही लगेच वाळत नाही. जायची संध्याकाळ आली तरी घर ओलंच होतं. मग तिनं चार्ज दिला, त्या मुलालाच.

"उन्हात ठेवू नको, तडकेल. सावलीत ठेव, बाजू बदलत जा. भिंती पिवळ्या, दार हिरवं. पेरू गळून पडेल, तो चिकटव. आणि दार मी उघडं ठेवलंय. दाबून बंद करू नको."

"और?"

"बस."

एरवी कुणाचं न ऐकणारा पोरगा, पण त्यानं एकेक गोष्ट तिला परत म्हणून दाखवली. सकाळी ती माणसं स्टेशनला गेली.

घर वाळलं तसं आकसलं. मोटू कुठला, काडेपेटीहून लहान झालं, आणि एक भिंत कलली. प्रदर्शनात तपासायला आलेल्या सरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "ये टेढ़ा किसने बनाया?"

"हमारी एक लड़की है सर, वो..." मुलगा म्हणाला, आणि कललेल्या भिंतीला बोट लावून उभा राहिला. पंपाचं, टाकीचं सगळं पाठ केलं होतं त्यानं, तेही राहिलं. बक्षीस कुणा दुसऱ्यांना मिळालं. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

परतताना आमची वाट तिच्याच क्वार्टरवरून होती. दाराला ऑफिसचं कुलूप लागलेलं. दारच्या झाडाखाली पिकले पेरू पडून होते, उचलायला कुणी नव्हतं. मुलगा फळी छातीशी धरून तिथंच थांबला. लगद्याचं दार उघडं होतं, तिनं ठेवलं होतं तसं.

"आंटी," तो म्हणाला, "अब इसका चार्ज किसको दूँ?"

मी फळीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही चालू लागलो.