खिडकीच्या उजेडातला फवारा

भाऊजी गेले त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसले होते. नेब्युलायझर घरघरत होता, मास्कमधून औषधाचं धुकं येत होतं. पाणी ओतायला मी जरा वळले, तर भाऊजींनी मास्क काढून खिडकीच्या उजेडात धरलेला. म्हटलं, अहो, तोंडावर धरा. तर म्हणाले, "थांबा हो वहिनी, थेंब बघू द्या." माणूस श्वासाला महाग झालेला, आणि थेंब बघतोय… पण जन्मभर त्यांनी तेच तर केलं होतं.

शरद हे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हा कॉलेजात होते, पुढे इंजिनांच्या एका प्रयोगशाळेत लागले. नव्या नव्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या, बाहेर पडलं की धुराने पदर नाकाला. उसाच्या मळीपासून केलेलं अल्कोहोल डिझेलमध्ये मिसळलं तर त्याचा फवारा कसा उडतो, ते काचेच्या झरोक्यातून बघायचं, फोटो घ्यायचे, हे त्यांचं काम. एकदा तसेच कामावरून घरी आले, आणि मुलीकडचे बैठकीत बसलेले. कपड्यांना तो वास. मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, आपण घेता वाटतं? भाऊजी पोह्यांची बशी उचलत म्हणाले, "मी नाही, इंजिन घेतं." झालं… ते स्थळ गेलं, पुढेही कुठे जमलं नाही, आणि ते आमच्याकडेच राहिले.

मी सातवीपर्यंत शिकलेली, पण मला विचारायची भारी हौस. एकदा इस्त्रीला बसले होते, तर त्यांनी माझी पाणी उडवायची बाटली उचलली. आधी साडीची खळ भरून उडवली, मग नुसतं पाणी. खळीचे थेंब जाड, पण थेट समोरच्या भिंतीवर गेले. पाणी बारीक उडालं, पसरलं आणि अर्ध्यात विरलं. डिझेल म्हणजे ही खळ समजा, म्हणाले. अल्कोहोल घातलं की ते पातळ होतं, थेंब बारीक होतात, हवेत नीट मिसळतात, धूर कमी. मी म्हटलं, मग घाला की भरपूर. तर हसले. "जास्त घातलं तर पुढे जायच्या आतच वाफ होते. बारीक करणं सोपं आहे वहिनी, पोचवणं अवघड." भिंतीवरची खळ मात्र मलाच पुसायला लागली.

पुढे ते काम संगणकावर गेलं. हडपसरच्या एका काचेच्या इमारतीत मुलं पडद्यावर फवारा काढायची, आणि भाऊजी शेजारी बसून सांगायचे, हा असा नाही उडत बाळा. घरी येऊन म्हणायचे, रंगीत असतो हो, पण वास नाही.

मग त्यांची फुप्फुसं आखडत गेली. कशाने, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. जिना सुटला, मग अंगण सुटलं, मग बोलणंही तुटक झालं. मी हळद-दूध केलं, काढे केले, कसब्याच्या गणपतीला नवस बोलले. आमचे हे थोरले भाऊ, पण खोलीच्या दाराशी उभे राहून नुसता चष्मा पुसायचे. घरात दोन दोन माणसं, आणि एका श्वासाची मदत करता येईना…

दवाखान्यातल्या त्या दुपारी मी विचारलं, कसे आहेत थेंब? "झकास आहेत. बारीक." मग आपणहून मास्क लावला. बरं वाटेल मग, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मी मास्क नीट दाबून धरला, तेवढंच हातात होतं.

ती बाटली अजून इस्त्रीच्या टेबलावर आहे, तोटी त्यांनीच फिरवून ठेवलेली. परवा त्यांच्या रिकाम्या कॉटकडे तोंड करून मी ती खिडकीच्या उजेडात दाबली. फवारा अगदी बारीक उडाला, चमकला, आणि कॉटच्या अलीकडेच विरला. मी आणखी जोरात दाबली…