तापट पाय

गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे. लग्नात एवढं आपोआप मिळालं. बाकीचं तिने स्वतः मिळवलं. आधी लाँड्रीतली इस्त्री, मग गिऱ्हाइकं सांभाळणं आणि दादाची पाठ धरायला लागल्यावर गाडी. लाँड्रीची डिझेल व्हॅन जुनी होती, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. हॉटेलांच्या चादरी आणायला-पोचवायला तीच जायची. दादाने स्वतःकडे ठेवली ती गाडीची देखभाल. म्हणजे सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून, खांद्यावर फडकं टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायच्या.

एकदा गाडी ओढेना. चढ आला की मलूल व्हायची. वहिनीने घरी सांगितलं, "अहो, डिझेलचा फिल्टर बघा. कधी बदलला होता शेवटचा?"

"बघतो ना. तू इस्त्रीचं बघ."

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच पळायला लागली. दादा आठवडाभर छाती काढून हिंडला. वहिनीही खूश झाली, खोटं कशाला बोलायचं.

पुढे मात्र गाडीचं तंत्र बिघडत गेलं. सकाळी चालू व्हायला नखरे, मग काळा धूर, मग मध्येच हिसके. वहिनीने पुन्हा विचारलं तेव्हा दादा हसला. "फिल्टर ठणठणीत आहे. तुझा पाय तापट आहे, पाय. ॲक्सिलरेटरवर उभी राहतेस तू."

हे तो घरात बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो न्हाव्याच्या दुकानात बोलला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बोलला, हॉटेलच्या मॅनेजरलाही फोनवर बोलला. मग चहावाला रोज विचारायला लागला, "काय वहिनी, आज पाय थंड आहे ना?" वहिनी ओठ दाबून गाडी काढायची. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला ते पटलं. ती गाडी अंड्यांवरून चालवल्यासारखी चालवायला लागली. गिअर टाकताना स्वतःच्याच पावलाकडे संशयाने बघायची. रात्री पिंढऱ्या दुखायच्या.

मग तो पुलाचा चढ आला. शेजारी नणंद बसली होती, मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे. निम्म्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. इंजिन बंद झालं की त्या गाडीचा ब्रेक दगडासारखा व्हायचा. गाडी मागे सरकू लागली. मागे ट्रक, ट्रकवाल्याचा हॉर्न थांबेना. वहिनी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली, हँडब्रेक खांद्यातून ओढला. नणंद सरकत्या गाडीतून उतरली आणि कठड्याजवळचा दगड चाकाखाली सरकवला. गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली.

"माझ्यामुळे झालं का गं?" वहिनीने विचारलं.

"तुझ्यामुळे थांबली," नणंद म्हणाली.

गाडी ओढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं. मग फिल्टरच्या डब्याला बोटाने टिचकी मारली. डबा पोकळ वाजला. बाहेरून लख्ख पुसलेला, आत काही नाही. मागच्या बाजूने रबरी नळीचा एक तुकडा टाकून टाकीचं डिझेल सरळ पंपात सोडलेलं होतं.

"फिल्टर तुंबला असणार, म्हणून कुणीतरी काढूनच टाकलाय," मिस्त्री म्हणाला. "टाकीतला गंज, पाणी, सगळं पंपात. पंप आतून खरवडून निघालाय. कोण बघतं गाडी?"

वहिनी त्या पुसलेल्या डब्याकडे बघत होती. दर सुट्टीला दादा तो पुसत होता. रिकामा डबा पुसत होता आणि गल्लीला तिचा पाय सांगत होता.

घरी दादा जेवायला बसणार होता. तिने नळीचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

"हे काय आहे?"

दादाने ओळखलं. "अगं, तूच म्हणालीस ना, गाडी ओढत नाही. ओढायला लागली की नाही? नवा फिल्टर आणणारच होतो. राहून गेलं."

"आणि माझा पाय?"

"ती आपली गंमत."

"गंमत!" तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "तुमची बहीण आज चाकाखाली आली असती. मी महिनोन्महिने स्वतःच्या पायाला शिव्या देत बसले आणि तुम्हाला माहीत होतं! उठा. चपला घाला."

"आत्ता? कुठे?"

"जिथे जिथे गंमत केलीत तिथे."

तो बहिणीकडे बघायला लागला. नणंदेने त्याच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. चहावाल्याकडे तो पुटपुटला, तेव्हा वहिनी म्हणाली, "ऐकू आलं नाही." तो मोठ्याने बोलला: फिल्टर मी काढला होता, हिची चूक नव्हती. न्हाव्याकडे गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलं होतं, तेही थांबून ऐकत राहिलं. हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावला, तो वहिनीनेच त्याच्या कानाशी धरला. कुणी हसलं नाही, आणि तेच दादाला जास्त लागलं. पण परत येताना तिचा राग उतरला होता असं मुळीच नाही. उलट बोलून झाल्यावर तो नीट पेटला.

टाकी तिने आणि नणंदेने मिळून उतरवली. तळाशी चहाच्या गाळासारखा गंज निघाला. दादा मदतीला आला तर वहिनी म्हणाली, "हात लावायचा नाही." पंप दुरुस्त होऊन आला. मिस्त्रीने नवा फिल्टर बसवून दाखवला, नळीत अडकलेली हवा कशी काढायची तेही: छोटा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे संपून निर्मळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. वहिनीने ते स्वतःच्या हाताने पुन्हा केलं. बोटांना डिझेलचा वास दोन दिवस राहिला.

आता फिल्टरच्या तळाची तोटी उघडून साचलेलं पाणी तीच काढते. नणंद गाडी शिकते आहे. दादा गठ्ठे उचलतो, पाठीला पट्टा बांधून. एकदा त्याने विचारलं, "फिल्टर बदलशील तेव्हा मलाही बोलव, बघतो तरी." वहिनी "बघू" म्हणाली. पुढचा फिल्टर तिने तो न्हाव्याकडे गेलेला असताना बदलला आणि बॉनेट धाडकन बंद केलं.