न्हाय हलवत, आक्का

शिवा, ये रं, जवळ बस. आक्काचं पत्र आलं की चष्मा सापडत न्हाय म्हणायची तुझी खोड जुनीच हाय. आज घाल चष्मा.

लग्न होऊन वास्कोला निघाले तवा बेळगावच्या स्टँडवर तूच आलतास सोडायला. गाडी हलली तशी मी खिडकीतनं ओरडले, "माझा माग हलवू नको रं!" तू गाडीबरोबर पळत म्हणालास, "न्हाय हलवत, आक्का!" वडगावच्या त्या खोलीत, खड्ड्यात पाय सोडून मी किती साड्या विणल्या. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हा माग पोरीचा." तेवढ्या भरवशावर मी गेले.

तुझे दाजी बंदरात टगबोटीवर. त्यांना सुकाण धरायची परीक्षा द्यायची होती, आणि हुकूम सगळे इंग्रजीत. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मी कॅप्टन, आणि हे सुकाण म्हणून हातात परात धरून उभे. मी म्हणायची, "स्टारबोर्ड टेन!" म्हणजे उजवीकडं दहा अंश. त्यांनी आधी तेच शब्द परत म्हणायचे, मग परात फिरवायची, आणि फिरवून झाली की पुन्हा सांगायचं, "व्हील ऑन स्टारबोर्ड टेन!" एकदा म्हणाले, "कॅप्टनीणबाई, आमटी करपली." मी म्हटलं, "हुकूम आधी, आमटी मागनं." हसताना त्यांच्या हातनं परातच निसटली.

मी विचारलं, एकच गोष्ट दोनदा कशाला? तर म्हणाले, "पहिल्यांदा ऐकलं म्हणून, दुसऱ्यांदा केलं म्हणून. नुसत्या ऐकल्यावर बोट चालवली तर धक्क्यावर आदळंल." बोट बांधतानाबी तसंच. दोर फेकून "मेक फास्ट!" म्हणजे पक्का बांध म्हणायचं, आणि दोर खांबाला पक्का बसला असं धक्क्यावरनं कळंपर्यंत इंजन बंद करायचं न्हाय.

हे सगळं मला पाठ. तरी तुझ्या पहिल्या शब्दावरच मी निवांत झाले. फोनवर विचारलं की तू म्हणायचास, "हाय की आक्का, परवाच पुसलाय."

तुझ्या पोराच्या लग्नात त्या खोलीला कुलूप होतं. "आहेराचं सामान हाय आत," म्हणालास. मी मान हलवली.

हे वारल्यावर यंदा मी पिशव्या भरून वडगावला आले, ते राहायलाच. मागावर बसायलाच. खोलीचं दार उघडं होतं. खड्डा बुजवलेला, वर फरशी, फरशीवर फ्रीज. तुझी बायको म्हणाली, "वन्सं, ह्यांनी सांगितलं न्हाय व्हय? मागाची लाकडं लग्नात बंबाला घातली."

त्याच पाण्यानं मीबी न्हाले रं. आणि वर मीच म्हणाले होते, पाणी काय झकास तापलंय.

"तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय," म्हणालास. माग गेला हे सोसलं असतं. पोरांचा संसार वाढतो, जागा लागते. पण बंद कुलपाच्या शेजारी पाट मांडून तू मला आग्रहानं जिलेबी वाढलीस. ते घशाखाली उतरत न्हाय.

आताबी कुणी गाव विचारलं की तोंडात वडगावच येतं. पण पिशव्या मी हितं वास्कोत परत येऊन रिकाम्या केल्या. खिडकीतनं टगबोट दिसती, परात भिंतीला टेकून हाय. एवढंच आता माझं घर.

रागावलेय, तरी ये. कणकुंबीवरनं येणारी गाडी धर, लवकर ये. फोनवर "येतो, आक्का" म्हणू नकोस, ते लई ऐकलं. माझ्या दारात उभा राहा, आणि मग म्हण, आलो.